गावातलं छोटं संग्रहालय कसं पाहावं: विदर्भातल्या खेड्यापाड्यांत जाणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

नागपूरचा अजब बंगला पाहायला कोणाला काही शिकवावं लागत नाही. १८६३ साली सुरू झालेलं ते मध्यवर्ती संग्रहालय ठरलेल्या वेळी उघडतं. तिकीट काढायचं, दालनामागून दालन पाहायचं, पाट्या वाचायच्या. तालुक्याच्या गावातलं किंवा खेड्यातलं संग्रहालय असं चालत नाही. कुठे ते जुन्या वाड्याच्या दोन खोल्यांत असतं, कुठे वाचनालयाच्या माडीवर, कुठे आश्रमाच्या आवारात, तर कुठे देवळाच्या ओसरीत भिंतीला टेकवून ठेवलेल्या मूर्तींपुरतं. दाराला कुलूप असतं. पाट्या असल्या तर ‘जुने भांडे’, ‘शेतीचे अवजार’ एवढ्यावर आटोपतात. बहुतेक लोक एक चक्कर मारून बाहेर येतात आणि ‘काही विशेष नाही’ म्हणून पुढच्या देवळाकडे वळतात.

माझं ठाम मत आहे की अशा जागी पाहणाऱ्यानं थोडी तयारी केली तर मोठ्या संग्रहालयापेक्षा जास्त मिळतं. तिथल्या वस्तूंची खरी माहिती आजूबाजूच्या म्हाताऱ्या माणसांकडे असते. ती माणसं अजून आहेत, तोवर जायला हवं.

आधी एक प्रश्न ठरवा

‘संग्रहालय पाहायचं’ एवढंच ठरवून निघू नका. आपल्याला काय समजून घ्यायचं आहे ते एका ओळीत वहीत लिहा. उदाहरणार्थ: ट्रॅक्टर येण्याआधी आमच्या भागात पेरणी कशी व्हायची? आमच्या गावचा तलाव कोणी बांधला? बेचाळीसच्या चळवळीत आपल्या तालुक्यात काय घडलं? चिमूर आणि आष्टी इथे १६ ऑगस्ट १९४२ ला इंग्रजांविरुद्ध जो उठाव झाला त्याची आठवण त्या दोन्ही गावांत अजून ठळक आहे. तिकडे जाणाऱ्यानं आधी वाचून गेलं तर समोरच्या माणसाशी बोलणं पहिल्या पाच मिनिटांतच खोलात जातं.

कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल तर वर्धा परिसर सोपा पडतो. वर्ध्याचं मगन संग्रहालय खादी आणि ग्रामोद्योगांसाठी उभं राहिलं. त्याचं उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते झालं. तिथून सेवाग्राम जवळच आहे, आणि पवनारला धाम नदीकाठी विनोबांचा आश्रम आहे. पवनारच्या आश्रमाची जमीन खणताना भरत-राम भेटीचं शिल्प निघालं, इतरही मूर्ती सापडल्या, आणि त्या तिथेच जपल्या गेल्या. प्राचीन काळाची ओढ असेल तर रामटेक, मनसर आणि नगरधन हा वाकाटक या प्राचीन राजघराण्याचा टापू घ्या. बौद्ध स्तूपांसाठी भंडारा जिल्ह्यातलं पवनी आहे. थेट डायनोसोरच्या काळात जायचं असेल तर सिरोंचा तालुक्यात वडधमचं जीवाश्म उद्यान आहे. एका दिवशी एकच टापू घ्या.

फोन करा, आणि किल्ली कोणाकडे असते ते विचारा

हीच पायरी लोक सर्वांत जास्त गाळतात. सरकारी संग्रहालयं बहुतेक सोमवारी बंद असतात, पण गावच्या संग्रहालयाची सुट्टी पाटीवर कळत नाही. तिथे देखरेख करणारा माणूस पगारी असेलच असं नाही. तो शिक्षक असतो, निवृत्त ग्रामसेवक असतो, शेतकरी असतो. पश्चिमेकडे कापूस वेचणीच्या दिवसांत आणि पूर्वेकडे धान कापणीच्या दिवसांत तो शेतातच सापडेल. म्हणून दोन-तीन दिवस आधी फोन करा. संग्रहालयाचा नंबर मिळाला नाही तर ग्रामपंचायतीत, गावच्या वाचनालयात किंवा शाळेत विचारा.

फोनवर असं बोला: ‘काकाजी, नमस्कार. आम्ही चौघं जण शनिवारी सकाळी येऊ म्हणतो. तुम्हाला सवड आहे का? नसेल तर किल्ली कोणाकडे मिळेल?’ आणखी तीन गोष्टी याच फोनवर विचारून घ्या: फोटो काढू देतात का, आत वीज असते का, आणि बायकांसाठी स्वच्छतागृह जवळ कुठे आहे. शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. आजीला घेऊन जात असाल तर तोच सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

जायचा काळ म्हटला तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह असतो. त्या आठवड्यात शाळा-महाविद्यालयं कार्यक्रम करतात, तेव्हा बंद खोल्याही उघडतात. १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, पण आपल्याकडच्या मे महिन्यात टिनाच्या छपराखाली म्हाताऱ्या माणसाला उभं करू नये. जायचंच असेल तर सकाळी आठला पोचा आणि अकराच्या आत निघा.

आठवडी बाजाराचा दिवस टाळावा असं पुष्कळ जण सांगतात. मी उलट सांगेन. बाजाराच्या दिवशी गाड्या जास्त असतात, आसपासच्या खेड्यांतली वयस्क माणसं येतात, बुरडाची टोपली-सुपं मांडलेली असतात, कुंभार असतो, लोहार असतो. आत काचेमागे पाहिलेली वस्तू बाहेर बाजारात विकायला दिसते आणि ती करणाऱ्याला चार प्रश्न विचारता येतात. फक्त किल्लीवाल्या काकाजींची वेळ पक्की करा.

सोबत आजीला न्या

या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. घरात सत्तरीच्या पुढचं जे कोणी असेल, आजी, आजोबा, आत्या, शेजारचे काका, त्यांना सोबत घ्या. महाराष्ट्रात ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना २०२२ पासून एसटी प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट पडतं, आणि २०२३ पासून सगळ्या महिलांनाही अर्धंच. आधार कार्ड मात्र आठवणीनं घ्या. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरल्याबरोबर वाहकाला विचारून घ्या.

का न्यायचं ते आत गेल्यावर कळेल. पाटीवर ‘लाकडी अवजार’ लिहिलेलं असतं आणि आजी म्हणते, ‘हे तर सरतं आहे नं! तिफनीमागं बांधायचो आम्ही.’ मग ती सांगते, की पुढे तिफनीच्या, म्हणजे बैलांनी ओढायच्या पेरणीच्या अवजाराच्या, चाड्यात (वरच्या वाटीत) ज्वारी सोडायची, नळ्यांतून ती फणांमागे पडायची, आणि मागून बाई सरत्यातून तुरीचं बी सोडत चालायची. मूठ किती ढिली ठेवायची, पावसाचा ताण पडला तर बी किती खोल पडलं पाहिजे, पेरणीच्या पहिल्या दिवशी घरी काय रांधलं जायचं, हे सगळं तिच्या हातात आणि जिभेवर आहे. कोणत्याही पाटीवर ते मावणार नाही.

पिशवीत काय घ्यायचं

वही आणि शिसपेन्सिल (शाईचा पेन कागदपत्रांजवळ नेऊ नये), पूर्ण चार्ज केलेला मोबाइल, एक लहान बॅटरी, पंधरा सेंटिमीटरची पट्टी, पाण्याची बाटली, डबा. गावात तर्री-पोहे मिळतीलही, पण आजीसाठी घरचा डबा असू द्या. दानपेटीत टाकायला सुटे पैसे घ्या. तिकीट नाही म्हणून फुकट पाहून येऊ नका. ट्यूबलाइटचं बिल आणि वाळवीचं औषध कोणीतरी स्वतःच्या खिशातून भरत असतं.

वर्धा नदीची रेघ डोक्यात ठेवा

आत जाण्याआधी एवढा इतिहास पुरतो, पण तो हवाच. १८०३ साली २९ नोव्हेंबरला इंग्रज आणि मराठ्यांत अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, आणि १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहानं वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख, म्हणजे वऱ्हाड, नागपूरकर भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेला. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. नदीच्या पूर्वेला नागपूरकर भोसल्यांचं राज्य राहिलं. तेही १८५४ मध्ये खालसा झालं. पुढे १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं.

याचा उपयोग काय? कागद कळतात. पूर्वेकडच्या कागदांत मालगुजार भेटतो, कारण तिथे गावचा सारा गोळा करून भरायची जबाबदारी आणि गावची मालकी त्याच्याकडे होती. ती पद्धत १९५१ मध्ये संपली. वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणून तिथे खातेदार शेतकऱ्याचं नाव सरळ सरकार दप्तरी दिसतं. अमरावतीकडच्या संग्रहालयात फारसी मजकुराची सनद आणि भंडाऱ्याकडे भोसल्यांच्या अमलातला मोडी कागद का दिसतो, तेही या रेघेवरून उलगडतं.

पीक बदलतं तशा वस्तूही बदलतात. वऱ्हाडात कापसातून सरकी वेगळी करायचं लाकडी यंत्र, चरखे, टकळ्या, जिनिंगच्या जुन्या पावत्या. पूर्वेकडच्या धानाच्या झाडीपट्टीत ढेकी (धान कांडायचं पायानं चालवायचं लाकडी साधन), धान मोजायचा कुडो, मासे धरायचे बांबूचे सापळे, दंडार या लोकनाट्याची वाद्यं.

पहिली फेरी गप्प राहून, दुसरी एका वस्तूपाशी

पहिल्या फेरीत फक्त पाहा. फोटो नको, प्रश्न नको. दहा मिनिटांत सगळं डोळ्यांखालून घाला आणि ज्या वस्तूपाशी पाय अडतो ती मनात धरा.

दुसऱ्या फेरीत त्याच एका वस्तूपाशी बसा. हो, बसाच. खुर्ची नसेल तर सतरंजी मागा. आता क्रमानं पाहायचं. कशाची केली आहे? कुठे झिजली आहे? झीज फार बोलते. जात्याचा खुंटा एका बाजूनं गुळगुळीत झालेला असतो, जुवावर बैलाच्या मानेची जागा चकचकीत असते, पायलीचा काठ घासला गेलेला असतो. कुठे दुरुस्त केली आहे? पत्र्याचं ठिगळ, तारेनं बांधलेली चीर, नव्यानं ठोकलेली पाचर, यांतून त्या घरची सांपत्तिक स्थिती दिसते. कोणाच्या हाताच्या मापाची आहे, बाईच्या की पुरुषाच्या? आणि शेवटी: ही वस्तू वापरताना दुसरं काय काय लागत असेल, आणि ते इथे का नाही?

सेवाग्रामला साप धरायचा चिमटा आणि पिंजरा ठेवलेला आहे. बापू कुटी पाहून भारावलेले लोक त्याच्यावरून नजर फिरवून पुढे जातात. तिथे पाच मिनिटं थांबा. १९३६ मध्ये गांधीजी राहायला आले तेव्हाचं शेगाव, ज्याला पुढे सेवाग्राम म्हणू लागले, कसं असेल, मातीच्या भिंती आणि रानालगतची वस्ती कशी असेल, आणि साप न मारता धरून दूर सोडायचा हा नेम रोजच्या जगण्यात कसा पाळला जात असेल, हे त्या चिमट्यातून जितकं कळतं तितकं भाषणांतून कळत नाही.

मुलं सोबत असतील तर प्रत्येकाला एक वस्तू वाटून द्या आणि तिचं चित्र काढायला लावा. फोटो काढणारं मूल पाहत नाही, चित्र काढणाऱ्याला पाहावंच लागतं. तान्ह्या पोळ्याचा जुना लाकडी बैल कुठे ठेवलेला असेल तर मुलांना तिथूनच सुरुवात करू द्या. शिंगांचा बाक, पाठीवरची झूल, पायाखालची चाकं, सगळं ती आपसूक टिपतात, कारण तसा बैल त्यांनी स्वतः ओढलेला असतो.

कागद, नाणी, मापं

जुन्या कागदावर पहिल्यांदा साल शोधा. शके असेल तर ७८ मिळवा, फसली (सारावसुलीचं वर्ष) असेल तर ५९० मिळवा, संवत असेल तर ५७ वजा करा. एखाद्या वर्षाचा फरक राहतो, कारण वर्षारंभ वेगवेगळे आहेत. शके १७७५ म्हणजे १८५३, फसली १२६३ म्हणजे १८५३-५४. मोडी वाचता येत नसेल तर थांबू नका. परवानगी घेऊन कागदाच्या बरोबर वरून, चारही कोपरे येतील असा फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा, आणि मोडी जाणणाऱ्याला दाखवा. कागद हातात घेऊ नका, मागची बाजू पाहायची असेल तर काकाजींनाच उलटवायला सांगा.

पूर्व विदर्भात वाजिब-उल-अर्ज किंवा निस्तार पत्रक दिसलं तर ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. गावानं जंगलातून काय आणायचं, गुरं कुठे चारायची, कोणत्या तलावाचं पाणी कोणी घ्यायचं, याच्या रीती त्यांत नोंदलेल्या असतात. मालगुजारी गेली तरी तेव्हाचे तलाव आजही ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जातात आणि धानाच्या बांध्यांना पाणी देतात. २००६ च्या वनहक्क कायद्यानं निस्ताराचे हक्क मान्य केले आहेत, आणि गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. काचेमागचा असा कागद गावाच्या आजच्या हक्काशी थेट जोडलेला आहे. आपल्या गावचा कागद दिसला तर त्याची माहिती ग्रामसभेपर्यंत पोचवा.

नाण्यांवर फार वेळ घालवू नका, ती मोठ्या संग्रहालयांत चांगली पाहायला मिळतात. एवढं लक्षात असलं की झालं: १ एप्रिल १९५७ आधी रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै होते. मापं मात्र नीट पाहा. पायली, कुडो, खंडी यांचं प्रमाण गावागणिक बदलायचं, म्हणून माप कोणत्या गावचं आहे ते विचारल्याशिवाय त्याची नोंद अर्धवट राहते.

दगड आणि मूर्ती

दगडाचा रंग आधी पाहा. पश्चिमेकडे काळा बेसाल्ट, पूर्वेकडे वालुकाश्म जास्त दिसतो. जवळपास न मिळणारा दगड दिसला तर तो कुठून आणला असेल, हा पहिला प्रश्न.

वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड, खालून वर वाचायची: खाली लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. बांगड्या घातलेला, कोपरात वाकलेला हात कोरला असेल तर ती सतीशिळा. झिजलेली अक्षरं किंवा नक्षी वाचायला खोलीत थोडा अंधार करून बॅटरीचा झोत एका बाजूनं, दगडाला जवळजवळ समांतर टाका. जे समोरच्या उजेडात दिसत नव्हतं ते सावलीमुळे उठून येतं. खडू, पीठ, हळद, तेल काहीही चोळू नका. मूर्तीला शेंदूर असेल, फूल वाहिलेलं असेल, तर ते पूजेचं स्थान आहे. चपला बाहेर काढा, आणि फोटोआधी विचारा.

लोहयुगातली मणी-भांडी दिसली तर ती शिळावर्तुळांतली, म्हणजे दगडांच्या वर्तुळातल्या जुन्या दफनांतली, असण्याची शक्यता मोठी. नागपूरभोवती जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड इथे दगडांची ही मोठाली वर्तुळं आहेत. माहुरझरीला मणी घडवले जात, नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली, आणि काही दफनांत माणसांबरोबर घोडेही पुरलेले मिळाले.

काकाजींशी बोलणं

ते दाखवत असतील तेव्हा मध्ये मोबाइल काढू नका. त्यांच्या बोलण्यात दंतकथा येतील, सगळ्या भुयारांची तोंडं जवळच्या किल्ल्यात निघतील. खोडून काढायची घाई नको. वहीत दोन रकाने करा, एकात ‘सांगतात’, दुसऱ्यात ‘कागदावर आहे’. दंतकथाही गावाची ठेव आहे, तिची जागा वेगळी ठेवली की झालं. मग विचारा: ही वस्तू कोणत्या घरून आली? कोणत्या साली? त्या घरचं कोणी गावात आहे का? आत न मांडलेलं, पेटीत बांधून ठेवलेलं काही आहे का? या शेवटच्या प्रश्नावर पुष्कळदा कपाट उघडतं.

बाहेर पडून गाव पाहा

वस्तू जिथून आली ती जागा त्याच दिवशी गाठा. तलावाचा कागद पाहिला असेल तर पाळीवर जा, मूर्ती पाहिली असेल तर ती सापडलेल्या शेतापर्यंत मालकाला विचारून जा. पवनीला संग्रहित वस्तूंइतकाच जुना तट, खंदक आणि वैनगंगेचा काठ बोलतो. १९६९-७० मध्ये तिथे नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं उत्खनन केलं, ते स्तूप गावालगतच आहेत. नगरधनला किल्ल्याभोवतीच्या शेतांत उभं राहिल्यावरच कळतं की प्रभावतीगुप्ता, चंद्रगुप्त दुसरा याची मुलगी, जिथून कारभार पाहत होती ती वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे हेच गाव, असं अभ्यासक का मानतात. तिच्या नावाची मातीची मुद्रा तिथल्या उत्खननातच मिळाली.

शेतात नांगरताना नाणी किंवा मूर्ती निघाली असं कोणी खासगीत सांगितलं तर त्यांना दोन कायदे सांगा. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं काही सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते, ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखिताला ७५ वर्षं पुरतात, आणि अशा वस्तू परदेशी पाठवता येत नाहीत. भंगारवाल्याला किंवा गावोगाव फिरणाऱ्या खरेदीदाराला तर देऊच नयेत.

अभिप्राय वहीत काय लिहायचं

‘खूप छान उपक्रम’ लिहू नका. आजीनं जी वस्तू ओळखली ती लिहा: कपाट कोणतं, वस्तू कोणती, आमच्या गावी तिला काय म्हणतात, कशी वापरायची, कोणत्या सुमारास वापरातून गेली, सांगणाऱ्या बाईंचं नाव, गाव, वय. नाव लिहिण्याआधी आजीला विचारा. जमलं तर तिचं बोलणं रेकॉर्ड करा आणि आवाजाची फाइल काकाजींना तिथेच पाठवून द्या. नंतर पाठवू म्हटलं की राहून जातं. आठवड्याभरात फोटोही पाठवा, प्रत्येक फोटोखाली वस्तूचं नाव लिहून. पुढची पाटी त्यावरून तयार होईल.

आणि घरी माळ्यावर तसंच काही पडलेलं असेल, तिफन, दमणीची (हलक्या बैलगाडीची) चाकं, पितळी गुंड, आजोबांच्या वेळचे कागद, तर देण्याआधी त्याचा फोटो काढा, कोणी कधी वापरलं ते आजीकडून लिहून घ्या, आणि तो कागद वस्तूसोबत द्या. देताना संग्रहालयाच्या वहीत नोंद करवून पावती घ्या: वस्तूचं वर्णन, देणाऱ्याचं नाव, गाव, तारीख, आणि वस्तू कायमची दिली की ठेवायला दिली. मूळ कागद द्यायचा धीर होत नसेल तर त्याची नीट प्रत द्या, मूळ कागद घरी सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, आणि पावसाळ्यानंतर एकदा सावलीत उघडून पाहा.